बारा, पाच, आठ

काचीगुडा, हैदराबाद
१० नोव्हेंबर २०२४

मृण्मयी, माझे बाई,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. आधी बातमी ऐक. तुझी आज्जी गिटार शिकायला लागली आहे.

हसून झालं की पुढे वाच. अक्षर समोरच्या कुसुमताईंचं, बोलणं माझं. त्यांनी बत्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, त्यामुळे माझी वाक्यं त्या मधूनमधून सरळ करतात. जी वाकडी राहिली ती माझी समज. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या अक्षरात लिहा म्हटलं, तर म्हणाल्या कागद जास्त लागतील. लागू देत. तुझ्या मम्मीने पाटीवर गिरवून घेतलं म्हणून एवढं तरी वाचतेस. नाहीतर माझ्यासारखी अंगठा उठवत बसली असतीस.

फोन का केला नाही म्हणशील. तुझ्या बापाच्या फोनवर बोलायचं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. दिलीप स्पीकर लावून देतो आणि माझी उत्तरंही तोच देतो. शिवाय काही गोष्टी आवाजात सांगवत नाहीत.

तर गिटार. तुझी काळी गिटार दोन वर्षं कपाटावर पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवली. दिलीप म्हणाला, हिमायतनगरात एक दुकान जुनी वाद्यं घेतं, देऊन टाकू का. मी म्हटलं, थांब, मला शिकायची आहे. बोलून गेले बघ. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शब्द मागे घ्यायला तरी कुठे जाऊ? दिलीपला वाटलं मी भ्रमले. तुझ्या मम्मीने मऊ फडकं आणून गिटार पुसून दिली. आधी पुढून, मग मागून.

मास्तरीण तूच आहेस. दिलीपच्या जुन्या मोबाइलवर तुझे धडे लागतात ना, तेच लावते. तू सगळ्या जगाला सांगतेस, ‘पिक नक्को, अंगूठा नक्को, आठ उंगलियां बस हैं.’ तुझं हे हैदराबादी बंगळुरात कुणाला कळतं ते देव जाणे, पण मला कळतं. डाव्या हाताचं पहिलं बोट दांड्यावरच्या पाचव्या घरात दाबून ठेवायचं. उजव्या हाताचं बोट बाराव्या घरात तारेवर टकदिशी आपटायचं, आणि नुसतं उचलायचं नाही, कणकेवरची मुंगी उडवावी तसं खाली ओढून सोडायचं. मग पाचव्या घरातला सूर आपोआप निघतो. त्यावर डाव्या हाताचं तिसरं बोट आठव्या घरात आपटायचं. बारा, पाच, आठ. बारा, पाच, आठ. वाचता येत नसलं तरी मोजता येतं मला.

तू हे पहिल्यांदा वाजवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, हे वाजवणं आहे की टायपिंगची परीक्षा? घरातले सगळे हसले होते. तूही हसलीस. तार छेडायला पिक धरावं लागतं आणि तुला ते धरता येत नाही, म्हणून तू हे शिकली होतीस. मला ते माहीत होतं. तरी म्हटलं. माझ्या तोंडाला गंमत सुचली की मागचापुढचा विचार राहत नाही, ही माझी जुनी खोड.

माझं बारा नीट लागतं. पाचाला नुसतं खरखरतं.

आता ज्यासाठी कुसुमताईंना बसवून ठेवलंय ते. दोन वर्षं झाली, तू तुझ्या मम्मीशी बोलत नाहीस. दिलीपला फोन करतेस, मला ‘आज्जी आज्जी’ करतेस, थंडीत शाल पाठवतेस. ती दाराशी उभी राहून ऐकते. पुण्याची माणसं तुला बघायला आली तो दिवस मी विसरले नाही. मीच तुला म्हटलं होतं, उजवा हात पदराखाली ठेव. मग त्या मुलाच्या आत्याने चहा घेताना तुझा अर्धा अंगठा पाहिला आणि विचारलं, हे जन्मापासूनचं का? मी चटकन म्हटलं, छे हो, साडेतीन वर्षांची असताना झालं, आईचं लक्ष नव्हतं, अडकित्ता उघडा राहिला. तुझी मम्मी, माझी मेधा, पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभी होती.

नंतर स्वयंपाकघरात तू तिला जे बोललीस ते मी ऐकलं. सोमवारी तू बंगळुरास गेलीस.

तिच्याशी बोल, बाई. एवढंच मागते. त्या दिवसाचं बाकी काही मी आज काढत नाही.

सहीच्या जागी अंगठा उठवला आहे. शाई जांभळी आहे, कुसुमताईंच्या शिक्क्याच्या डबीतली.

तुझी आज्जी
त्रिवेणीबाई


काचीगुडा
१ डिसेंबर २०२४

मृण्मयी,

तुझा निरोप दिलीपच्या फोनवर ऐकला. ‘आज्जी, तू पूरी हौली है.’ ह्या वयात वेडी ठरले, चला, काहीतरी ठरले. पाठवलेल्या बारीक तारा मिळाल्या. मलकपेठेत एकाकडून दिलीपने बसवून आणल्या. आता बोट तेवढं कापत नाही. टोकं मात्र लाल होतात. जन्मभर तव्यावरच्या भाकरी उलटल्या, तेव्हा काही झालं नाही, आणि ह्या दोऱ्याएवढ्या तारेने रडवलं.

पत्रात मम्मीचं काढलं होतं, त्यावर म्हणालीस, ‘वो छोड, दुसरं काही बोल.’ बरं, दुसरं बोलते.

पाच लागायला लागलं. चूक कळली. मी बोट सरळ वर उचलत होते. ते जरा ओढून, तारेला टोचून सोडावं लागतं, हे तू तिसऱ्या धड्यात सांगतेस. बाकीच्या तारा उगाच गुणगुणतात म्हणून तू त्यांच्यावर केसांचा रबर चढवतेस. मी माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. दिलीप ऑफिसातून येतो आणि विचारतो, आज किती झाले? मी सांगते, दोनशे बारा-पाच-आठ. तो म्हणतो, शेजारी वर्गणी काढून तुला गावी पाठवतील. पाठवू देत, परभणीत मी क्लास काढीन.

तुझी मम्मी स्वयंपाकघरातून ऐकते. परवा मी चुकले तर आतूनच म्हणाली, आई, आठ राहिलं. म्हणजे ती मोजत होती.

मग चौथा धडा लावला.

तो तुला आठवत असेल. त्यात तू सांगतेस की उजव्या हाताचा अंगठा गिटारच्या वरच्या कडेला टेकवायचा, म्हणजे हात डगमगत नाही. मग तू तुझा हात कॅमेऱ्यासमोर धरतेस. म्हणतेस, माझ्याकडे अंगठा नाही, मी तळहाताची कड टेकवते, ज्यांच्याकडे नाही त्यांनी असं करा. आणि हसतहसत सांगतेस, ‘बचपन में गया, मम्मी का ध्यान नै था.’

मोबाइल टेबलावर भांड्याला टेकवून ठेवला होता. मेधा माझ्या मागे मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं. शेंगा सोलायची थांबली नाही. धडा संपल्यावर म्हणाली, ‘खरंच आहे ते. किती लोकांनी बघितलंय आई, खाली आकडा असतो ना?’ मला आकडा वाचता येत नाही म्हटलं. तो मोठा होता, एवढं मला दिसलं.

कुसुमताई म्हणतात, हे लिहू का? लिहा.

आणि हेही लिहा. तुला दर महिन्याला जी शेंगदाण्याची चटणी येते, आज्जीची म्हणून, ती मी करत नाही. तीन वर्षांत मी खलबत्त्याला हात लावलेला नाही. मेधा करते आणि दिलीपला सांगते, आईंनी दिली म्हणून सांगा, नाहीतर ती खाणार नाही. तू मला फोनवर म्हणालीस, आज्जी, तुझ्या हाताला काय चव आहे. मी म्हटलं, हो, आहेच.

दुसरी गोष्ट. तुझी मम्मी बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते. दार लावून जिने उतरते आणि पुन्हा वर येते. आम्ही हसतो. मीच नाव ठेवलं होतं, तीनदावाली. ही सवय तिला लग्नात नव्हती. कधीपासून लागली ते मला माहीत आहे.

आज एवढंच. हात नाही, जीभ थकली.

तुझी आज्जी


काचीगुडा
२९ डिसेंबर २०२४

मृण्मयी,

चौथ्या धड्यापाशी अडकले आहे. पुढे जाता येईना. म्हणून एक केलं. तू कशी वाजवतेस ते कळावं म्हणून उजवा अंगठा चिंधीने तळहाताशी बांधून टाकला. गिटार वाजवायला म्हणून बांधला, पण मग सोडला नाही. म्हटलं, एक दिवस असाच राहू दे.

लसूण सोलता आला नाही. पाकळी बोटांत धरली की निसटते. निऱ्या करता आल्या नाहीत, मेधाने करून दिल्या, का ते विचारलं नाही. भाकरी थापताना कडा फाटल्या. दाराची कडी डाव्या हाताने काढली. देवासमोर काडेपेटी ओढता आली नाही. दुपारी जेवताना घास बोटांतून ताटात पडला आणि मी एकटीच हसले, कारण शेजारी कुणी नव्हतं ज्याला काहीतरी गमतीदार सांगून हसवता येईल.

तू साडेतीन वर्षांची होतीस. बटणं तू किती वर्षांनी लावायला शिकलीस? मला आठवत नाही. मेधाला महिना आणि वार आठवतो. मी विचारलं तेव्हा सांगितला.

संध्याकाळी चिंधी बांधलेलीच ठेवून गिटार घेतली. तळहाताची कड टेकवली. बारा, पाच, आठ, लागलं गं. पहिल्यांदा तिन्ही सूर सलग आणि सारखे लागले. अंगठा मध्ये नव्हता म्हणून हात मोकळा होता. तुझ्या आजोबांच्या फोटोकडे बघून मी म्हटलं, एकनाथराव, ऐका. आणि मग मला लाज वाटली. इतकी की गिटार मांडीवरून उचलून बाजूला ठेवावी लागली.

लोक म्हणतात, आज्जीने नातीसाठी सुपारी सोडली. एकवीस वर्षं तोंडात तुकडा घातला नाही. तुझ्या बारशाला आलेल्या बायासुद्धा अजून भेटल्या की म्हणतात, काय माया. मी मान डोलावते. कुसुमताई, आता लिहा. तो अडकित्ता उघडा कुणी ठेवलाच नव्हता. त्या दिवशी


मृण्मयी, इथून पुढे मी, कुसुम, माझ्या मनाने लिहिते. तुझ्या आजीने पुढचं सगळं मला सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. मी त्यांना म्हटलं, ‘त्रिवेणीबाई, हे मी लिहिणार नाही. हे आधी ऐकायचा हक्क मृण्मयीचासुद्धा नाही.’ त्या म्हणाल्या, जेवढं झालं तेवढं पोस्टात टाका, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. म्हणून टाकते आहे.


काचीगुडा
१६ जानेवारी २०२५

मृण्मयी,

अक्षर बदललं हे तू ओळखलं असशील. पाटीवर गिरवलेलं हेच अक्षर. आज तुझी मम्मी लिहिते आहे.

तिला मी म्हटलं, मेधा, मृण्मयीला पत्र लिहायचंय, कुसुमताईंचा हात दुखतो. शेवटच्या वेळेलाही थाप मारूनच सुरुवात केली बघ. ती हात पुसून बसली. वही घेतली. मी म्हटलं, मी सांगीन तसं लिहायचं, मध्ये काही विचारायचं नाही. तिने मान हलवली.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मेधा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दिलीप ऑफिसात. घरात मी आणि तू. मी खिडकीत बसून सुपारी कातरत होते आणि तू माझ्या मांडीवर होतीस. आपला एक खेळ होता. तू सुपारी दोन बोटांत धरायचीस आणि मी कातरायची. हा खेळ मी शिकवला होता. तुला फार अभिमान होता त्याचा. मेधाने दोनदा मला सांगितलं होतं, आई, तिच्या हातात देऊ नका. मी म्हटलं होतं, मी चार पोरं वाढवली, तू मला शिकवू नकोस.

खाली अंबाडीवाला आला होता. मी वरून त्याची चेष्टा करत होते. त्याच्या मिशीवरून काहीतरी म्हणत होते. तो हसला, आजूबाजूच्या बायका हसल्या. माझा विनोद पुरा व्हायचा होता. मी खाली बघत होते आणि हात दाबला.

मेधा धावत आली. तू माझ्या मांडीवर आणि अडकित्ता जमिनीवर. तिने माझ्याकडे बघितलं. मृण्मयी, मी खोटं बोलले नाही. आजपर्यंत स्वतःला हेच सांगत आले. मी फक्त विचारलं, ‘अडकित्ता उघडा कुणी ठेवला?’ पुढचं घराने केलं. आदल्या रात्री पाहुण्यांसाठी सुपारी मेधाने कातरली होती. ती पांढरी पडली आणि म्हणाली, मीच ठेवला असेल. तुझे आजोबा तिला बोलले, दिलीप बोलला, तिच्या माहेरचेही बोलले. मी देवघरातून धावत येऊन तुला उचललं, असं सगळे धरून चालले. मी कुठे होते, हे मला कुणी विचारलंच नाही.

दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर तू मला म्हणालीस, ‘आज्जी, मी नीट धरली होती ना?’ दिलीपला वाटलं तू पट्टीचं बोलतेस. मी म्हटलं, हो, शहाणी माझी, अगदी नीट. तू नीट धरली होतीस, बाई. सुपारी तू हलू दिली नव्हतीस.

इथे मेधाचं पेन थांबलं. मी तिला विचारायचं नाही म्हटलं होतं, तरी तिने विचारलं.

‘आई, आदल्या रात्री अडकित्ता मी डब्यात ठेवला होता?’

मी म्हटलं, ‘ठेवला होतास. झाकण लावून. सकाळी मी काढला.’

एवढंच तिने विचारलं. हे शेवटचं बोलणंही तिने लिहून घेतलं, मग वही मिटून आत गेली.


२० जानेवारी

चार दिवस वही टेबलावर होती. संक्रांतीचे उरलेले लाडू होते, ते तिने माझ्यापुढे ठेवले, पण तिळगूळ घ्या म्हणाली नाही. माझं पाणी, माझ्या गोळ्या, निऱ्या, सगळं वेळेवर केलं आणि एक शब्द बोलली नाही. मी एकदा काहीतरी गमतीचं बोलायला गेले. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. तिला ओरडायचं असेल तर ओरडू दे, असं वाटत होतं. ती ओरडली नाही. आज सकाळी वही उघडली, पेन घेतलं आणि म्हणाली, ‘पुढे सांगा.’

पुढे फार नाही.

दिलीपला मी सांगायचं आहे, ती सांगणार नाही म्हणाली. रविवारी तो घरी असतो, तेव्हा सांगणार. आजही भाजी खारट झाली की तो म्हणतो, तुझं लक्ष कुठे असतं. त्याने हे शब्द कुठून उचलले ते त्याला कळायला हवं.

मला माफ कर असं मी लिहायला सांगणार नाही. एकवीस वर्षं सुपारी सोडल्याचं कौतुक खाल्लं, तुझ्या चटणीचं कौतुक खाल्लं. आता माफीही मिळवून बसले तर ती पण माझ्याच पदरात पडेल. ती तुम्हा दोघींची आहे, तुमची तुम्ही बघा.

तुझ्या चौथ्या धड्यातलं ते एक वाक्य मात्र बदल. किती जणांनी बघितलं तो आकडा मला वाचता येत नाही, पण तेवढ्या सगळ्यांना सांग की मम्मीचं लक्ष होतं. आज्जीचं नव्हतं. आज्जी हसवत होती.

काल ती भाजी आणायला निघाली. गॅसचं बटण बघितलं, दार लावलं, जिना उतरली. मी मोजत होते. पुन्हा वर आली. दुसऱ्यांदा बघितलं, गेली, पुन्हा आली. एवढ्या वर्षांची सवय माझ्या एका पत्राने जाणार नाही, हे मला कळतं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी गिटार वाजवत होते. बारा, पाच, आणि माझं आठ राहिलं. ती गॅसपाशी उभी होती. काही बोलली नाही. पण मी आठ लावेपर्यंत गेलीही नाही.

हे तिने मला सगळं वाचून दाखवलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी म्हटलं, आण ती शाई. जांभळा अंगठा उठवला आहे, पूर्ण, नखापर्यंत. दस्तऐवजावर उठवतात तसा.

मेधा म्हणते, खाली थोडी जागा उरली आहे. त्यात ती स्वतःचं काहीतरी लिहिणार आहे. मी तिला विचारणार नाही, आणि मला वाचता येत नाही, तेव्हा तुमच्या दोघींचं तुमच्यापाशीच राहील.

तुझी आज्जी
त्रिवेणीबाई


मिनू, अक्षर लागलं नाही तर फोन कर. मी वाचून दाखवीन.
मम्मी